सोनीबाईचं बोलणं फोनात गेलं

अनसिंगच्या आठवडी बाजारात भाजीच्या रांगेच्या अगदी टोकाला सोनीबाई राठोड बसते. मागे चिंचेचं झाड, पुढे पोत्यावर मांडलेली वांगी, भेंडी, मिरच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्यागार जुड्या. तिचा तांडा गावापासून आत, माळाच्या उतारावर आहे. घरच्या विहिरीच्या पाण्यावर ती आणि तिचा नवरा सोमला भाजी काढतात. सोमला मुखदुर्बळ माणूस. शेळ्यांशी काय तो बोलतो. देवानं त्याच्या वाट्याचं बोलणंही सोनीबाईच्या तोंडात घातलं, असं तांड्यात म्हणतात.

मी इथल्या शाळेत मास्तर होतो, आता घरीच असतो. बाजाराच्या दिवशी थैली घेऊन निघालो की पाय आपोआप त्या चिंचेकडे वळतात. भाजी चार ठिकाणी चांगली मिळते, पण सोनीबाईचं बोलणं एकाच ठिकाणी मिळतं.

"काय मास्तर, थैलीले भोक पडलं हाय. घरी जाईपर्यंत निस्ती थैलीच उरंन. बाईले म्हना टाका माराले. नाई तं तुमीच मारा, आता तं शाळा बी नाई तुमाले."

हे एवढं ऐकल्याशिवाय मला बाजार केल्यासारखा वाटत नाही. तिच्या तोंडून सुटका कोणाचीच नव्हती. सरपंच असो, कंपाउंडर असो, नवी सून असो, ज्याला त्याला त्याच्या मापाचं मिळायचं. राग कोणाला येत नसे, कारण बोलून झालं की ती स्वतःच खुदकन हसायची आणि पदर तोंडावर घ्यायची. वर मूठभर सांबार थैलीत टाकायची.

तिच्या समोरच्या बाजूला तौसीफचं दुकान लागतं. लहान मुलांचे तयार कपडे. त्याचं पक्कं दुकान वाशीमला, पण बाजाराच्या दिवशी तो गाडी भरून अनसिंगला येतो. सोनीबाईला मावशी म्हणतो. तिचा काटा आणि मापं त्याच्याच गाडीत असतात, दुपारी त्याच्या डब्यातली भाजी तिच्या भाकरीवर जाते आणि तिचा ठेचा त्याच्या पोळीवर. असं वर्षानुवर्षं चाललेलं.

दिवाळी होऊन गेली होती. सोनीबाईचा मुलगा राजपाल ऊसतोडीला निघून गेला होता. सून रेणू या वर्षी पोटुशी होती म्हणून घरीच राहिली. त्या दिवशी बाजारात एक पाव्हणा आला, चांगला इस्त्रीचा शर्ट घातलेला. भेंडी कोवळी आहे का ते बघायला एकेकीचं शेपूट मोडू लागला. मोडायची, बाजूला टाकायची. मोडायची, बाजूला टाकायची. तौसीफ तेव्हा आपल्या नव्या मालाचा व्हिडिओ काढत होता. सोनीबाईचा आवाज चढला तसा त्यानं फोन तिकडे वळवला.

"अरे बाबू, भेंडी घेऊन राह्यला का सून पाहून राह्यला? एवढं निरखून तं मले बी नोतं पाह्यलं सोमलाच्या घरच्यायनं! त्यायनं एक डाव पाह्यलं अन् नेलं. आजलोक वापस नाई केलं!"

सगळी रांग हसली. पाव्हणाही हसला आणि मोडलेल्या भेंड्यांसकट भाजी घेऊन गेला. सोनीबाईनं पदर तोंडावर घेतला. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आपण भर बाजारात नवऱ्याचं नाव घेतलं. उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. ती अशी लाजली, की मिरची विकत बसलेली शेजारीण तिला दिवसभर चिडवत होती.

तौसीफनं घरी जाऊन तो व्हिडिओ टाकला. वर लिहिलं, 'आमची मावशी.' त्याच्या मनात कौतुकाशिवाय दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

पुढच्या बाजाराला लोक सोनीबाईला शोधत आले. कोणी यवतमाळचा, कोणी हिंगोलीचा. "तुमीच ना भेंडीवाल्या?" म्हणत भाजी घेत, दात काढत. भाजी दुपारच्या आतच उठली. सोनीबाईला मजा वाटली. सोमलाला तर तांड्यातली पोट्टी दिसेल तिथे म्हणत, "काका, एक डावच पाह्यलं का हो?" तो बिचारा शेळ्या हाकत माळाकडे निघून जाई. पण जाताना गालात हसे, असं रेणू सांगत होती.

मग त्या व्हिडिओचं कायकाय झालं ते आम्हाला हळूहळू कळत गेलं. कोणी त्याला ढोलकी जोडली. कोणी सोनीबाईचा चेहरा कापून त्याचं चित्र केलं, माझ्या स्वतःच्या भाच्यानं मला ते वाढदिवसाच्या शुभेच्छांसोबत पाठवलं. कोणा तरी हुशारानं खाली लिहिलं, ही बाई कुठली, कोणत्या तांड्याची, कोणत्या बाजारात, कोणत्या झाडाखाली बसते. सगळं बरोबर लिहिलं होतं.

त्यानंतर गाड्यांवरून पोरं येऊ लागली. भाजी घ्यायची नसायची. एक जण फोन धरून उभा राहायचा, दुसरा खाली बसून भेंड्या मोडायचा. मुद्दाम. एकेक करून, सोनीबाईच्या तोंडाकडे बघत. ती चिडावी, बोलावी, म्हणून.

पहिल्या वेळी ती बोललीच. पोरं खूश होऊन निघून गेली, भेंड्यांचा ढीग तसाच टाकून. दुसऱ्या वेळी तिनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्या वेळी भेंडी पोत्याखाली झाकून ठेवली.

थंडी सरता सरता सोनीबाई गप्प झाली. मी गेलो, थैली पुढे केली, तिनं वांगी मोजून टाकली. थैली तीच होती, भोक तेच होतं. ती काही बोलली नाही.

"तब्येत बरी नाई काय?" मी विचारलं.

तिनं आधी माझ्या हाताकडे बघितलं, फोन आहे का ते. मग म्हणाली, "बरी हाय मास्तर. पन बोलनं आता महाग झालं. कोन कुठं नेईन सांगता येत नाई."

तिनं माझ्या हाताकडे बघितलं, हे मला फार लागलं. पण चूक तिची नव्हती. त्या बाजारात आता कोणाच्या हाताचा भरवसा तिला उरला नव्हता.

आणि मग राजपालचा फोन आला. तिकडे ऊसतोडीच्या फडावर मुकादमाच्या माणसानं सगळ्यांसमोर फोन फिरवला होता. चेहरा सोनीबाईचा, हातवारे तिचे, पण आवाज दुसऱ्याच कोणाचा. आवाज घाण होता. आईबहिणीवरून, आणि वर लमाणाच्या बायकांबद्दल जे बोलू नये ते. त्या माणसाला माहीतही नव्हतं, की ती राजपालची आई आहे. राजपालनं कोयता खाली टाकला आणि त्याच्या अंगावर गेला. लोकांनी आवरलं म्हणून निभावलं.

"याडीले सांग, बाजारात बसाचं नाई," तो रेणूला म्हणाला. तांड्यात आईला याडी म्हणतात. "मी इकडं तोंड दाखवू शकत नाई."

रेणूनं ते सासूला सगळं सांगितलं नाही. पण सोनीबाईनं तिच्याकडून काढून घेतलंच. रेणूनं तो घाण व्हिडिओ मात्र दाखवला नाही. "पाहू नका, याडी. तुमी नाई त्याच्यात. दुसरीच बाई हाय ते."

"तोंड माहंच हाय नं?"

रेणूनं फोन पालथा ठेवला.

दुसऱ्याच दिवशी दोघी बसनं वाशीमला गेल्या. तौसीफच्या दुकानात गल्ल्यावर त्याची बायको जमीला होती. तिनं सोनीबाईला आधी ओळखलं नाही, मग ओळखलं, आणि तिला हसू आलं, ते तिनं पटकन दाबलं. सोनीबाईला ते दिसलं. आताशा तिला सगळ्यांचंच दिसत असे.

तौसीफ आतून आला. "मावशी! या, या. आज इकडं?"

"तौसीफ, तुले मी काय केलं होतं?"

त्याला कळेना. मग रेणूनं सांगितलं. फडावरचं, गाडीवरच्या पोरांचं, मोडलेल्या भेंड्यांचं. भेंड्या तर त्यानं समोरच्या दुकानातून स्वतः पाहिल्या होत्या, पण ते आपल्या फोनातून सुरू झालंय हे त्यानं मनाला लागू दिलं नव्हतं. तो खाली बसला.

"मावशी, अल्ला कसम, मी प्रेमानं टाकला होता. मले वाटलं, आपलीच मावशी हाय, तिले काय इचाराचं..."

जमीला चहाचे कप मांडत होती. ती तिथूनच बोलली. "लग्न झाल्यापासून माहा एक फोटो टाकू दिला नाई मी यायले. दर ईदले इचारतात, टाकू का? मी म्हनतो, नका टाकू. नाई टाकत. मंग मावशीले इचारताना काय जीभ झडली होती? आपली होती म्हनून तं इचाराचं!"

तौसीफच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं फोन काढला. "आत्ता पुसतो. तुमच्या समोर."

"थांब," सोनीबाई म्हणाली. "आधी मले दाखव. मी धड पाह्यलाच नाई तो."

खरंच होतं. साऱ्या मुलखानं पाहिला होता, आणि तिनं तेवढा कोणाकोणाच्या हातात, उन्हात, अर्धामुर्धा. जमीलानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, म्हणजे काचेवर उजेड येणार नाही. तौसीफनं फोन तिच्या हातात दिला. आपला आवाज ऐकून ती आधी दचकली. मग पाहत राहिली. व्हिडिओच्या शेवटी ती हसते आणि पदर तोंडावर घेते, तिथे तिनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"पुना लाव."

त्यानं लावला.

"रेणू, हे तं माही याडी व्हय," सोनीबाई म्हणाली. "बरोबर अशीच हसे ते. पदर बी असाच घे, डाव्या हातानं. मी पाह्यलंच नोतं कदी, मी अशी दिसतो म्हनून."

तिची आई तरुणपणीच गेली होती, कुठेतरी दूर, रस्त्याच्या कामावर. तेव्हा फोटो काढणार कोण? चेहरा नुसता आठवणीत राहिला होता, आणि आठवणीतलाही पुसत चालला होता. सोनीबाईनं तो व्हिडिओ आणखी एकदा पाहिला. जमीलानं चहावर बशी झाकून ठेवली.

मग सोनीबाईनं डोळे पुसले आणि फोन परत दिला. "जगाच्या फोनातून काढून टाक. रेणूच्या फोनात राहू दे. तिथं असंन तं घरातच हाय."

तौसीफनं तसं केलं. पण त्याच्याकडचा पुसला म्हणजे जगाचा पुसला असं होत नाही, हेही त्यानं तिला तिथेच सांगितलं. लपवलं नाही. "मावशी, मी एकानं टाकला, पन तो हजारायनं उचलला. माह्या हातात तेवढाच होता. बाकीच्यायच्या मागं लागतो मी. पन सारा जाईन, असं म्हनत नाई."

"जेवढा जाईन तेवढा जाऊ दे," सोनीबाई म्हणाली. "घाण आवाजाचा पह्यला."

त्या संध्याकाळच्या आत चौघं पोलीस ठाण्यात गेली. तिथे फोनाबिनाच्या तक्रारी पाहणारी एक पोलीसबाई होती. तिनं विचारलं, व्हिडिओत काय बदललंय ते सांगा. सोनीबाईला ते ठाऊक नव्हतं, रेणूच्या तोंडून ते शब्द निघेनात, तौसीफ भिंतीकडे पाहू लागला. शेवटी पोलीसबाईनं कानाला वायर लावून स्वतः ऐकलं. अर्ध्यातच वायर काढली. "पुरे झालं," ती म्हणाली. "मावशी, तुम्ही अंगठा नका देऊ, सही येते ना? सही करा. तुमच्या नावानं तक्रार असली पाहिजे, यांच्या नावानं नको."

सोनीबाईनं रात्रशाळेत शिकलेली सही केली. अक्षरं मोठी मोठी, एकमेकांना न चिकटणारी.

पुढचे काही महिने तौसीफचं काम एकच. दुकान बंद केलं की जमीला आणि तो बसत, कुठे कुठे तो व्हिडिओ आहे ते शोधत, आणि टाकणाऱ्याला लिहीत, की हे आमच्या मावशीचं आहे, तिची परवानगी नाही, काढा. काहींनी लगेच काढला, वर माफी मागितली. काहींनी उत्तरच दिलं नाही. एकानं लिहिलं, 'फुकट फेमस झाली, खूश व्हा ना.' त्याला जमीलानं जे उत्तर लिहिलं, ते तौसीफनं पाठवण्याआधी थोडं सौम्य केलं, असं तो मला सांगत होता. घाण आवाजाचं पान पोलिसांनी बंद करवलं. त्याच्या नकला अजून कुठे कुठे निघतात. निघाल्या की पुन्हा लिहायचं. अजूनही चालू आहे ते.

ऊस संपला आणि राजपाल घरी आला. रेणूला तेव्हा मुलगी झाली होती. बाळाला मांडीवर घेऊन तो बसला, पण आईशी सरळ बोलेना. शेवटी म्हणालाच.

"याडी, बाजार सोड तू. मी कमावतो नं?"

"तू कमावतं ते तुह्या पोरीले लागंन," सोनीबाई म्हणाली. "मी बाजार सोडला तं त्यायचं म्हननं खरं होईन. मंग मी कोन? त्यायच्या फोनातली बाई. बाकी काईच नाई."

सोमला दारात शेळीच्या पायाचा काटा काढत होता. तो मान न वळवता म्हणाला, "जाऊ दे तिले. बाजार नसला तं घरी मलेच बोलंन."

राजपाल हसला, पहिल्यांदाच. आणि पुढच्या बाजाराला आईबरोबर स्वतः आला. पोतं उचलून आणलं, चिंचेखाली मांडून दिलं आणि शेजारी बसला.

मी त्या दिवशी तिथेच होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. दुपारी एक पोरगा आला, कॉलेजातला असावा. फोन हातात धरून तो खाली वाकला आणि भेंडीला हात घातला. राजपाल उठू लागला. सोनीबाईनं त्याचा गुडघा दाबून खाली बसवलं.

"बाबू, फोटू काढून राह्यला का?" ती शांतपणे म्हणाली.

"हो काकू, बोला ना ते. सुनेचं."

"बोलतो. पन आधी तुहं सांग. कोन्या गावचा?"

त्यानं गाव सांगितलं.

"घर कोनतं? मारुतीच्या देवळापासून कितवं?"

"काकू, ते कायले पाह्यजे?"

"तुह्या मायचं नाव काय? सांग. मोठ्यानं सांग, हे साऱ्या बाजाराले ऐकू जाऊ दे. तुहा फोन बी चालू हाय, त्याले बी ऐकू जाऊ दे. माह्या मालकाचं नाव मुलखाले ठाऊक झालं. मी कुठं बसतो, कोन्या तांड्यात राहतो, तुले ठाऊक हाय म्हनून तं तू आला. आता तुह्या मायचं नाव आमाले सांग. कायची लाज? चांगलंच असंन."

पोरगा इकडेतिकडे पाहू लागला. आजूबाजूच्या बाया हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघू लागल्या. मिरचीवालीनं तर त्याला बसायला पोतं सरकवून दिलं. त्यानं फोन खाली केला, मग खिशात टाकला. कानापर्यंत लाल झाला होता.

"काकू, चुकलं."

"चुकलं तं चुकलं. भेंडी घे आता. मोडू नको. मी सांगतो नं, कवळी हाय."

त्यानं भेंडी घेतली. जाताना सोनीबाईनं त्याच्या पिशवीत सांबाराची जुडी टाकली, आणि म्हणाली, "मायले दे. नाव नको सांगू, नुसतं दे."

ती मग माझ्याकडे वळली, आणि माझ्या चपलेच्या अंगठ्यावरून जे बोलली, ते मी इथे लिहिणार नाही. मी तिला विचारलं होतं, तुझ्याबद्दल लिहू का? ती म्हणाली, "लिवा, पन तुमच्या चपलीचं ठिवा तुमच्यापाशी." आणि मी लिहिलेलं रेणूनं तिला वाचून दाखवलं, तेव्हा तिनं दोन ठिकाणी मला खोडायला लावलं. तांड्याचं नाव खोडलं. दुसरं काय खोडलं ते ती जाणे आणि मी जाणे.

बाजारात ती आता पुन्हा बोलते. पण पहिल्यासारखं सगळ्यांशी नाही. आधी हात बघते. ते आता कायमचंच झालं.

परवा आम्ही एकाच बसनं वाशीमला निघालो होतो. ती जमीलाकडे चालली होती, नातीसाठी जमीलानं झबलं शिवून ठेवलं होतं. पुढच्या बाकावरची एक मुलगी सारखी वळून वळून बघत होती. शेवटी तिनं विचारलंच, "आजी, तुम्ही त्या भेंडीवाल्या ना? व्हिडिओतल्या?"

सोनीबाईनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मुलगी गोड होती, फोन पिशवीत होता.

"नाई वं पोरी. ते माही बहीन व्हय. लय तोंडाची वाईट."

"अय्या! सारख्याच दिसता अगदी!"

"मायवर गेलो नं दोघी बी," सोनीबाई म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.